ग्रंथपाल मॅडम, हे आभार ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मावत नव्हते

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचा निरोप समारंभ रीतसर पार पडला. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो आणि भाषणं. ग्रंथालयाचं संगणकीकरण तुम्ही कसं रेटून नेलंत, कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायच्या आधी पुस्तकांच्या दाखलअंकांची रजिस्टरं कशी तपासलीत, वाचन प्रेरणा दिनाला काय काय केलंत, सगळं आलं. वाचनकक्षाच्या टोकाला, मासिकांच्या रॅकमागे जे एक टेबल आहे, आपलं लेखन केंद्र, त्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. त्यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नाही. लेखन केंद्रात झालेलं काम नंतर कुठे दिसतच नाही. मूल येतं, आपणच लिहिलेलं मोठ्यानं वाचतं, दोन-चार ठिकाणी अडखळतं आणि घरी जाऊन पुन्हा लिहितं. प्रोजेक्टवर नाव त्याचं, सही गाईडची. मधे शेजारी कोण बसलं होतं ते कागदावर उमटत नाही.

आपण दोघींनी ज्या कामाला संशोधन म्हणायचं धाडस केलं त्याचा विषय नेमका हाच. म्हणून तुमचे आभार व्हॉट्सअपवर परस्पर न मानता चारचौघांत मानतेय. तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे. एकदा सहन करा.

ज्यांना आमचं केंद्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. हे कॉलेज कोल्हापुरातलं. मुलं मात्र कागल, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, शिरोळ अशी चहूकडून येतात, पुष्कळशी एसटीनं. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, अशी कितीतरी. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला, त्यामुळे आजवर बाजारातल्या गाईड-पुस्तकांवरच्या नोट्स उतरवून पास होणाऱ्या मुलांना पंचवीस-तीस पानं स्वतः लिहायची वेळ आली. मग झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट मिळतो, नाव बदलून प्रिंट काढली की झालं. हे सगळ्यांना माहीत असतं. लेखन केंद्र त्यावर काढलेला उपाय, निदान कागदोपत्री. आम्ही एम.ए.ची काही मुलं-मुली तिथे 'वाचक-मित्र' म्हणून बसायचो.

येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: 'एवढं जरा शुद्धलेखन बघून द्या की.' मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचा तक्ता, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार असा अठरांचा, कुणीतरी भिंतीवर लावलेलाच होता. प्राध्यापकही मुलांना पाठवताना तेच सांगत: ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे. तुम्ही त्या तक्त्याकडे बघत एकदा म्हणालात, 'नियम भिंतीवर आहेत तिथं ठीक आहेत. टेबलावर आधी मूल काय म्हणतंय ते येऊ दे.'

आणि हुपरीचा तो बी.कॉम.चा मुलगा आला.

विषय, चांदी उद्योगातील समस्या. पहिलं वाक्य: 'आजच्या स्पर्धेच्या युगात लघुउद्योगांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.' तुम्ही खरं तर मासिकं जागेवर लावायला आला होतात. उभ्या उभ्याच विचारलंत, 'हे कुणी सांगितलं तुला?' तो म्हणाला, 'सगळेच असं लिवत्यात मॅडम.' मग तुम्ही खुर्ची ओढलीत. 'बरं. तुमच्या घरी चांदी येते ती कशी येते?' आणि तो जो सुटला! चांदी वजन करून घरी येते, पैंजण होऊन पुन्हा वजन करून जाते. मधे जी घट होते ती किती धरायची यावरून दर वेळी कुरबूर. आई डाग लावते, म्हणजे सांधे जोडते, त्या धुरानं तिचे डोळे चुरचुरतात. बाप म्हणतो तू यात पडू नकोस, आणि परीक्षा संपली की हाताखाली मात्र घेतो. समस्याच समस्या होत्या, प्रस्तावनेत त्यातली एकही नव्हती. तुम्ही मध्ये फक्त दोनदा 'म्हणजे?' म्हणालात. शेवटी म्हणालात, 'आता हे बोललास ते लिही. पेन तुझंच राहू दे.'

त्या दिवशी मी विचारलं, मॅडम, हे नेमकं झालं काय? यावर काहीतरी लिहायला पाहिजे. तुमचं उत्तर ग्रंथपालाला शोभेल असंच होतं: 'आधी बघू, हाच प्रश्न आपल्या आधी कुणाला पडला होता.'

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. मला वाटायचं, लेखन केंद्र म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेलं काहीतरी. तुम्ही एकेक लेख शोधून पुढ्यात ठेवत गेलात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं १९७६ मध्ये लेखनाची प्रयोगशाळा काढली. स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकानं १९८४ मध्ये वैतागून लेख लिहिला की सहकारी आमच्या केंद्राला दुरुस्तीचं दुकान समजतात. मोडकं वाक्य पाठवायचं, सांधून परत घ्यायचं. आमचं काम लिखाण सुधारण्याचं नाही, लिहिणाऱ्याला घडवण्याचं आहे, असं त्याचं म्हणणं. वाचताना मला हसू आलं. तिकडच्या प्राध्यापकांनाही ऱ्हस्व-दीर्घच तपासून हवे होते तर!

पण माझ्या मनात राहिला तो केनेथ ब्रफी. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये शहरातल्या शाळांतून पास होणाऱ्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. कष्टकऱ्यांची, नव्यानं देशात आलेल्यांची, कृष्णवर्णीयांची मुलं एकदम वर्गात आली. ब्रफी तिथल्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवायचा. त्याच्या लक्षात आलं की मदतीची सोय केली तरी ही मुलं मास्तरांच्या दारात येत नाहीत. ती मदतही त्यांना वर्गासारखीच वाटते. मग मदत करायला त्यांच्याच बरोबरीचे विद्यार्थी बसवले. हे वाचून मी म्हणाले, मॅडम, हे तर आपलंच गाव. तुम्ही लगेच शाहू महाराजांवर आलात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. शाळेचं दार उघडलं की काम भागत नाही, खेड्यातलं पोर आत टिकायला आणखी काय काय लागतं याचा विचार महाराजांनी केला होता, असं तुम्ही म्हणालात. आणि जोडलंत, 'या गावात वाचायला बसायची जागा १८५० पासून आहे, करवीर नगर वाचन मंदिर. विद्यापीठ १९६२ चं. लिहायला बसायची जागा मात्र आत्ता कुठं होतेय.' आमच्या शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर हे वाक्य घ्यायचा मी हट्ट धरला आणि तुम्ही ते संदर्भाशिवाय येतंय म्हणून काढलंत. इथे कुणी काढणार नाही, म्हणून घातलं.

मग पद्धत. ज्या भागाबद्दल कुणी भाषण करत नाही तो हा.

बैठका रेकॉर्ड करायच्या ठरल्या. माझ्या डोक्यात सोपा हिशेब होता: मुलं आपलीच, विचारलं की हो म्हणतील. तुम्ही म्हणालात, हो म्हणतील हीच तर अडचण. ज्यांच्या हातात मार्क आहेत त्यांच्या खात्यातल्या माणसानं विचारल्यावर नाही म्हणायची कुणाची हिंमत होते? म्हणून चिठ्ठ्या वर्गात वाटल्या नाहीत. त्या काउंटरवर ठेवल्या, शेजारी पेटी. घ्यायची असेल त्यानं घ्यावी, भरून टाकावी. न टाकणाऱ्याला कारण विचारायचं नाही. अठरा पूर्ण नसलेली पहिल्या वर्षाची मुलं बाजूला ठेवली, कारण त्यांच्या घरच्यांची सही लागली असती आणि ती सही एखाद्यानं एसटीतच स्वतः ठोकली असती. संमतीपत्राचा मी केलेला मसुदा 'सदर संशोधनाच्या अनुषंगाने' असा सुरू होत होता. तुम्ही शेजारी बसून विचारलंत, 'हे तू आईला कसं सांगशील?' मी सांगितलं. तेच छापलं: 'आपण बोलू ते आम्ही रेकॉर्ड करू. तुमच्या सरांना किंवा मॅडमना ऐकवणार नाही. मधेच नको वाटलं तर सांगा, पुसून टाकू.' एका मुलीनं खरंच नको सांगितलं, आणि तुम्ही तिच्यासमोरच ते रेकॉर्डिंग पुसलंत. मला त्या क्षणी जीव तुटल्यासारखं झालं होतं, कारण ती बैठक फार चांगली होती. आता वाटतं, त्या मुलीनं पुढे आणखी चार जणींना आणलं ते त्यामुळेच असणार.

रेकॉर्डिंग उतरवून काढणं हे काम किती जीव काढतं ते ज्यानं केलं त्यालाच कळावं. थोडा भाग बाहेर टाईपिंगला दिला तर तो जुन्या फॉन्टमध्ये होऊन आला. युनिकोड नाही, त्यामुळे एकही शब्द शोधता येईना, आणि उघडली फाईल की नुसती चिन्हं. शिवाय टाईप करणाऱ्यानं भाषाही 'नीट' करून दिली होती. मुली आमच्याकडच्या बोलीप्रमाणे 'मी आलो, मी बसलो' म्हणाल्या होत्या, कागदावर सगळ्या 'आले, बसले' झाल्या. तुम्ही ती फाईल बंद केलीत आणि ग्रंथालय सुटल्यावर, कानाला हेडफोन लावून, पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसलात. व्हय ला व्हय. थांबले तिथे किती सेकंद थांबले तेही. निबंधात याला 'ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर' असे दोन शब्द मिळाले आहेत.

आणि तो रकाना! तक्ता मी केला होता: प्रश्न कुणी विचारला, किती बोललं कोण, विषय कुणी बदलला. तुम्ही पेन्सिलीनं कडेला आणखी एक रकाना ओढलात, 'पेन कुणाच्या हातात'. आवाजात पेन ऐकू येत नाही, म्हणून त्यानंतर आम्ही वाचक-मित्र बैठक संपली की लगेच ते टिपून ठेवू लागलो. आमच्या पूर्ण कामात सगळ्यात जास्त बोलला तो हाच रकाना. पेन वाचक-मित्राकडे गेलं की समोरच्याची वाक्यं आखूड होत गेली. 'हं.' 'चालेल.' 'तुमी म्हंताय तसं.' पेन त्याच्याकडे राहिलं की तो अडायचा, चिडायचा, खोडायचा, पण 'नाही, मला असं नाही म्हणायचं' हे वाक्य फक्त तिथेच सापडलं. थोड्याच बैठकांवरून मोठा सिद्धांत मांडू नये, हे तुम्ही मला निष्कर्षाच्या प्रत्येक परिच्छेदात लिहायला लावलंत, तेव्हा इथेही लिहिते: बैठका थोड्या होत्या, कॉलेज एकच होतं.

आपलं पटलं नाही ती गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र नुसतं कौतुक होईल. वाचक-मित्रानं कमीत कमी बोलावं, काहीही सांगू नये, फक्त विचारत राहावं, या मताची तिकडे १९९० च्या सुमाराला बरीच चलती होती, आणि मी त्या मताची पक्की झाले होते. शाहूवाडीची एक मुलगी आली. तिला संदर्भसूची करायची होती. आमच्यातली एक जण तिला विचारत राहिली, तुला काय वाटतं, कशी करावी? तुम्ही ते रेकॉर्डिंग ऐकून चिडलात. 'तिला काय वाटणार? तिनं आयुष्यात संदर्भसूची बघितलेली नाही. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांना ह्या गोष्टी न सांगता कळतात. हिला सांगितलंच नाही तर हिला कळणार कुठून?' मी पुस्तकी वाद घातला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी तुमच्या बाजूचे, तिकडच्याच अभ्यासकांनी नंतर लिहिलेले लेख आणून टेबलावर ठेवलेत. शेवटी ठरलं ते असं: रीत असेल ती सरळ सांगायची, विचार असेल तो विचारायचा. लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी, ही रीत. चांदीची घट कुणाच्या माथी, हा विचार. दोन्हींच्या मधला पट्टा अजून धूसर आहे आणि त्यावर आपण अजून भांडतो. सहसंशोधक म्हणजे काय हे मला त्या भांडणात कळलं. माझे गाईड माझं वाचून सही करायचे, तुम्ही माझं वाचून पुरावा मागायचात.

जाता जाता, त्या टक्क्यांबद्दल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर कारवाई होत नाही, त्यापुढे होते. त्यामुळे 'किती टक्के आलं?' हा प्रश्न आता बी.ए.च्या मुलापर्यंत झिरपला आहे. काही जण शब्द मागेपुढे करून टक्के उतरवून घ्यायला केंद्रात यायचे. तुम्ही त्यांना हाकललं नाहीत. कुणाचं वाक्य आहे, ते तुला का घ्यावंसं वाटलं, तुला ते पटतं का, एवढं विचारलंत. काही निघून गेले. काही बसले.

पावसाळ्याचं मात्र जरा सविस्तर सांगू दे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला लोक सकाळी उठून आधी हाच आकडा बघतात. बंधारे पाण्याखाली गेले की शिरोळ, करवीरमधली मुलं गावातच अडकतात. सबमिशनच्या तारखा जवळ आणि मुलं पाण्यापलीकडे, तेव्हा बैठका फोनवर घ्यायची कल्पना तुमची. मला ती तडजोड वाटली होती. रेंज जाते, मागे म्हैस ओरडते, कुणीतरी 'कुणाशी बोलतोयस रं?' म्हणतं. पण उतरवून काढायला बसलो आणि तुमचं लक्ष गेलं: फोनवर पेन आपल्याकडे येऊच शकत नाही. कागद त्याच्याच पुढ्यात. त्याला स्वतःचं लिखाण आपल्याला वाचून दाखवावंच लागतं, आणि वाचताना चूक बहुतेक वेळा त्याचीच त्याला सापडते. 'थांबा थांबा, हे दोनदा आलंय, खोडतो.' एवढं बोलून तो खोडायचा, आणि आपण नुसते ऐकायचो. निबंधाचा तिसरा भाग त्या पाण्यानं दिला, पण तो दिसला तुम्हाला.

रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम तुमच्या टेबलाच्या काचेखाली होते. चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. तुम्ही हसून म्हणायचात, आयुष्यभर लोकांचा वेळ वाचवला, आता या टेबलावर मुलांचा वेळ घालवायला शिकतेय. लिहिणाऱ्याचा वेळ वाचवायला गेलं की आपणच लिहून मोकळे होतो, हे तुमचं निरीक्षण. निबंधात मी ते तुमच्या नावानं दिलं आहे.

आता नावाचंच. पहिल्या मसुद्यावर मी लेखक म्हणून दोघींची नावं टाकली. तुम्ही तुमचं काट मारून परत पाठवलंत, कडेला लिहिलं होतं: 'हे ग्रंथपालाचं कामच आहे. ऋणनिर्देशात घे.' मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुमच्यावर नाही, तुम्हाला असं लिहायची सवय ज्यानं लावली त्या पद्धतीवर. कितीही प्रबंध उघडा. शेवटच्या ओळींमध्ये 'ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले' हे वाक्य टंकलेखक आणि बायंडिंगवाल्याच्या शेजारी सापडेल. संशोधनात कुणी काय केलं ते नोंदवायची क्रेडिट नावाची एक यादी आहे, तिच्यात चौदा भूमिका आहेत. ती मला तुम्हीच कधीतरी दाखवली होती. मी तिची प्रिंट काढली आणि आपल्या दोघींच्या नावांपुढे खुणा केल्या. प्रश्न मांडणं दोघींचं. पद्धत ठरवणं जास्त तुमचं. सामग्री गोळा करणं आम्हा वाचक-मित्रांचं. ती जपणं, लावणं, उतरवणं तुमचं. पहिला मसुदा माझा. तपासणं, सुधारणं तुमचं. तुमच्या खुणा माझ्यापेक्षा जास्त भरल्या. तो कागद तुमच्या पुढ्यात ठेवला तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुन्हा घातलात, आणि म्हणालात, 'पद्धतीत तुझीपण अर्धी खूण पाहिजे.' नाव राहिलं.

निबंध स्वीकारल्याचं कळलं त्या दिवशी मी गडहिंग्लजला होते. तासिका तत्त्वावर शिकवते, तुम्हाला माहीत आहेच. स्टाफरूममध्ये कुणाला सांगावं कळेना, म्हणून चहावाल्याला सांगितलं. त्यानं विचारलं, 'पैसे किती मिळणार?' शून्य म्हटल्यावर त्यानं चहाचे घेतले नाहीत.

तर मॅडम, मनापासून आभार. प्रश्नाच्या मागे पुरावा मागितलात त्याबद्दल, ते रेकॉर्डिंग पुसलंत त्याबद्दल, आणि एका रकान्याबद्दल.

आणि एक काम. माझ्याही कॉलेजात एक टेबल मिळालंय, प्राचार्य हो म्हणालेत. इथली मुलं सीमाभागातली. काहींची शाळा कन्नडमध्ये झालीय, काहींची मराठीत, आणि प्रोजेक्ट इंग्रजीत मागितलाय. ती बोलताना तिन्हींमध्ये ये-जा करतात. आपला जुना तक्ता इथे चालणार नाही, भाषेसाठी एक रकाना वाढवावा लागेल, आणि तो कसा आखायचा ते मला सुचत नाहीये. संमतीपत्र कन्नडमध्येही लागेल. दोन्हींचे कच्चे मसुदे तुमच्या मेलवर टाकलेत. निवृत्तीनंतर पहिले दोन महिने काहीही करणार नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंय, ते मी ऐकलंय. रविवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.

आपली,
लेखन केंद्रातली एक वाचक-मैत्रीण